सूर देणाऱ्यांची पन्नास वर्षं

१९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, टर्नर या लहानशा गावी मेनोनाइट मंडळ्यांचं अधिवेशन भरलं होतं. ‘द मेनोनाइट हिम्नल’ हे नवं गीतपुस्तक त्याच वर्षी निघालं होतं आणि जमलेल्यांना त्याची ओळख करून द्यायची होती. ते काम मेरी ओयर यांच्याकडे आलं. त्या सेलो वाजवायच्या, इंडियानातल्या गोशेन कॉलेजात शिकवायच्या, आणि पुस्तकाच्या समितीचं कार्यवाहपदही त्यांच्याकडेच होतं. त्यांनी सभेला ६०६ क्रमांकाचं गाणं उघडायला लावलं. शब्द सगळ्यांच्या तोंडचे, देवाच्या स्तुतीचं जुनंच एक कडवं. चाल मात्र १८३० च्या बॉस्टनमधल्या एका संग्रहातली: आधी संथ, मग चारी आवाज एकमेकांचा पाठलाग करतायत असं वाटावं अशी. त्या दिवसानंतर मेनोनाइटांनी या गाण्याला नावानं हाक मारणंच सोडलं. लग्न असो, अंत्यविधी असो, कॉलेजचा समारंभ असो, कुणी ‘सहाशे सहा’ म्हटलं की लोक उठून उभे राहतात आणि पुस्तक न उघडता चार आवाजांत गायला लागतात. चेष्टेनं त्याला मेनोनाइटांचं राष्ट्रगीत म्हणतात. १९९२ च्या पुस्तकात त्याचा क्रमांक ११८ झाला, २०२० च्या पुस्तकात ७०. जुन्या मंडळींना त्याचं काही नाही, त्यांच्या लेखी ते सहाशे सहाच.

या गाण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, थोडं जास्तच. मला कुतूहल आहे ते समोर उभं राहून सूर देणाऱ्या माणसाचं. मेनोनाइट गायनाची कीर्ती ऐकली की वाटतं, शे-दोनशे माणसं आपापसांत सहज चार सुरांत गातात, उपजत देणगी असावी. पण दर रविवारी त्या शे-दोनशे जणांच्या पुढे कुणीतरी उभं असतं. शाळामास्तर, नर्स, शेतकरी, हिशेबनीस, कुणीही. त्याला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, पाळकासारखी दीक्षा नसते, दाराशी उभं राहून हस्तांदोलन करायचा मानही नसतो. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या माणसाच्या पाठीशी कोण उभं राहिलं आणि कसं, ते पाहण्यासारखं आहे. कारण त्याच्या हातातली पुस्तकं एकाहून एक सरस होत गेली, आणि त्याला घडवणारी ठिकाणं त्याच काळात एकेक करून आटत गेली.

मेनोनाइट, आमिश, हटराइट ही सगळी ॲनाबॅप्टिस्ट कुळातली माणसं. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना प्रौढपणी बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता, तलवार धरणं मान्य नव्हतं, आणि सरकारनं धर्मात लुडबुड करणंही मान्य नव्हतं. त्याची किंमत त्यांनी जिवानिशी मोजली. त्यांच्यातला फेलिक्स मान्त्स याला जानेवारी १५२७ मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारलं. गंमत अशी, की त्यांचा म्होरक्या कॉनराड ग्रेबेल याला उपासनेत गाणंच नको होतं. १५२४ मध्ये थॉमस म्युंत्सरला लिहिलेल्या पत्रात त्यानं तसं स्पष्ट म्हटलं आहे: गायचं ते अंतःकरणात. झुरिकमधला त्याचा गुरू आणि पुढे वैरी झालेला झ्विंग्ली यानंही उपासनेतून संगीत हद्दपार केलं होतं. गुरुशिष्यांचं बाकी कशात जमलं नाही, एवढ्या एका बाबतीत जमलं.

पण माणसं तुरुंगात पडली की गातातच. १५३५ मध्ये मोराव्हियातून परतणारे काही ॲनाबॅप्टिस्ट पासाउच्या किल्ल्यात डांबले गेले. त्यांतल्या कित्येकांनी अंधारकोठडीत गीतं रचली. त्या गीतांचा संग्रह १५६४ मध्ये छापला गेला आणि १५८३ च्या आवृत्तीपासून ‘आउसबुंड’ नावानं ओळखला जाऊ लागला. आमिश लोक आजही तोच वापरतात. त्यात फक्त शब्द आहेत, स्वरलिपी नाही. चाल कानांकानांतून चारशे वर्षं आलेली, आणि येता येता इतकी संथ झालेली की एकेका अक्षरावर सूर वळसे घेत राहतो. ‘लोबलीड’ हे त्यांच्या प्रत्येक उपासनेतलं दुसरं गीत. चार कडवी, प्रत्येकी सात ओळी, म्हणजे अठ्ठावीस ओळी. त्या गायला वीस मिनिटं सहज लागतात. पुढे कुणी उभं राहत नाही. पुरुषांच्या बाकांवर बसलेला एक जण प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर एकटाच उचलतो, त्याचे वळसे पुरे करतो, की दुसऱ्या अक्षरापासून सगळी सभा त्याला येऊन मिळते. ओळ संपली की पुन्हा तो एकटा. आपल्याकडे वारकरी कीर्तनात गायक चाल धरतो आणि टाळकरी ती उचलतात, त्याच जातीचं हे काम आहे. फक्त टाळ-मृदंगाचा आधार नाही आणि घाईही नाही.

अशा माणसाला साहाय्य करायचं म्हणजे काय करायचं? त्याच्या शेजारी बसायचं. पोरं वडिलांच्या बाकावर बसून, मग मोठ्यांबरोबर सराव करून ते वळसे शिकत. १९४२ मध्ये जोसेफ योडर यानं या चाली पहिल्यांदा स्वरलिपीत बांधून ‘आमिशे लीडर’ या नावानं छापल्या. काळजीनं केलेलं काम होतं ते. आमिश मात्र अजून शिकतात ते शेजारी बसूनच.

रशियातून आलेल्या मेनोनाइटांची तऱ्हा थोडी वेगळी. तिथल्या वसाहतींत चाली इतक्या वेड्यावाकड्या वाढल्या की हाइन्रिख फ्रान्त्स या शिक्षकानं १८६० मध्ये आकड्यांच्या स्वरलिपीत एक पुस्तक काढून त्यांना शिस्त लावली. शाळेतल्या पोरांना आकडे वाचून गाता येऊ लागलं. काही वसाहतींनी ते मानलं, काहींनी नाही. मेक्सिकोत गेलेल्या जुन्या वळणाच्या मेनोनाइटांनी लांबलचक चालीच धरून ठेवल्या.

अमेरिकेत सगळं बदललं ते व्हर्जिनियाच्या शेनंडोआ खोऱ्यातल्या जोसेफ फंकमुळे. शेती करणारा, मास्तरकी करणारा, पोराबाळांनी घर भरलेला हा माणूस. १८३२ मध्ये त्यानं इंग्रजीत एक गायनपुस्तक काढलं, तेच पुढे ‘हार्मोनिया सॅक्रा’ झालं. त्यातल्या सुरांच्या ठिपक्यांना वेगवेगळे आकार होते: त्रिकोण, चौकोन, गोल. आकार पाहिला की स्वर कळायचा. पुस्तकापेक्षा मोलाचं होतं त्याच्याभोवती उभं राहिलेलं काम. फंक आणि त्याची मुलं गावोगाव गायनशाळा भरवत. संध्याकाळी शाळेच्या खोलीत किंवा चर्चमध्ये तरुण मुलंमुली जमत, आधी नुसते स्वर म्हणत, मग शब्द. पुष्कळांची लग्नंही तिथूनच जुळली असणार, कारण संध्याकाळी एकत्र जमायला दुसरं निमित्त नव्हतं. फंकच्या गावाचं नावच पुढे ‘सिंगर्स ग्लेन’ पडलं. चार सुरांतलं गायन मेनोनाइट उपासनेत शिरायला मात्र एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. वडीलधाऱ्यांना त्यात गर्वाचा वास यायचा: एक आवाज दुसऱ्याहून वेगळा काय म्हणून काढायचा? चार सुरांची ही रीत मेनोनाइटांच्या रक्तातलीच आहे असं आज कुणी म्हणालं, की त्या म्हाताऱ्यांची आठवण काढावी.

या गायनशाळांनी एक शिडी तयार केली. दहा-बारा वर्षांच्या पोरानं आकार ओळखायचे, पंधराव्या वर्षी बासच्या रांगेत बसायचं, विसाव्या वर्षी रविवारशाळेत एखादं गाणं घ्यायचं, आणि मग एक दिवस वडीलधारी मंडळी म्हणायची, ‘येत्या रविवारी तू घे.’ हे साहाय्य होतं, पण त्याला कुणी साहाय्य म्हणत नव्हतं. जुन्या मेनोनाइट चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपासनेत वाद्यं नव्हती, त्यामुळे पुढे उभं राहणाऱ्यावर सगळी भिस्त असे. वाद्य नसलं की त्याच्या हातात काय उरतं ते जवळून पाहावं. खिशातून तो चपटी गोल पिच पाइप काढतो, गाण्याचा षड्ज फुंकतो. मग दबक्या आवाजात खालून वर चार स्वर देतो: बास, टेनर, आल्टो, सोप्रानो. प्रत्येक बाक आपापला स्वर मनात धरतो. हात वर जातो, आणि हात खाली येण्याआधीच्या त्या अर्ध्या ठोक्यात तो श्वास घेतो. गाणं खरं तर तिथेच सुरू होतं. श्वास उथळ घेतला तर पहिली ओळ ढिली पडते. स्वर अर्ध्या पायरीनं उंच दिला तर चौथ्या कडव्यात सोप्रानोच्या बायका किंचाळतात आणि उपासना संपल्यावर येऊन सांगतात. खाली दिला तर बास कुरकुरतात. मेट्रोनोम नाही, पेटी नाही, तबला नाही. चुकलं तर ते दोनशे माणसांसमोर चुकतं.

म्हणून १९६९ च्या पुस्तकाकडे मी गाण्यांचा साठा म्हणून कमी आणि एक तडजोड म्हणून जास्त पाहतो. दोन मेनोनाइट संप्रदायांनी ते मिळून काढलं. एकाकडे हात हलवणारा गायनप्रमुख होता आणि वाद्य नव्हतं. दुसऱ्याकडे, म्हणजे मुख्यतः रशियामार्गे कॅन्ससला आलेल्यांकडे, ऑर्गन होतं, पियानो होता, गायनवृंद होता. एकाच पुस्तकातून दोघांनी गायचं. मेरी ओयर यांनी यासाठी आधीची काही वर्षं गीतशास्त्राचा कसून अभ्यास केला होता, स्कॉटलंडमध्ये एरिक राउटली यांच्या हाताखालीसुद्धा. सेलोवादनातली त्यांची डॉक्टरेट १९५८ ची. म्हणजे हात हलवणाऱ्यांच्या परंपरेत एक पक्की वाद्यसंगीताची माणूस आली होती, आणि तीही बाई. मेनोनाइटांच्या जुन्या घडीत पुढे उभं राहून गाणं घेणारे बहुतेक पुरुषच असत. ओयर यांनी त्यावर फारसं भाष्य केलं नाही. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी सूर दिला.

पुस्तक निघालं त्याच वर्षी त्या आफ्रिकेत गेल्या आणि पुढे पुन्हा पुन्हा जात राहिल्या. हे वळण मला पुस्तकाहून महत्त्वाचं वाटतं. तिथे त्यांनी पाहिलं की गाणं घेणारा समोर उभा राहून हवेत हात फिरवत नाही. तो गातो, लोक उत्तर देतात, तो पुढची ओळ फेकतो, तिच्यात थोडं नवं घालतो, आणि सगळं अंग त्यात असतं. कागद मध्ये येत नाही. गोशेनला परतल्यावर त्यांच्या वर्गात बाखच्या जोडीला हे आलं. त्यांच्याकडे शिकलेल्या पिढीनं मेनोनाइट मंडळ्यांत गाणं घेतलं आणि ती सवय सोबत नेली. बाकावर बसून पहिलं अक्षर उचलणारा आमिश आणि आफ्रिकेतला हाक-साद करणारा गायक यांचं नातं हात हलवणाऱ्या प्रमुखापेक्षा कितीतरी जवळचं आहे, हे त्यातून ध्यानात येतं.

१९८० मध्ये ओयर यांनी ‘मेनोनाइट हिम्नल’मधल्या गाण्यांवर निबंध लिहून काढले, आणि १९८३ मध्ये त्याच पुस्तकाची संदर्भपोथी आली. शनिवारी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून उद्याची पाच गाणी निवडणाऱ्या माणसासाठी ही पुस्तकं होती. हे गाणं कुठून आलं, कोणत्या लयीत घ्यावं, कोणत्या कडव्यावर थांबावं. साहाय्य म्हणून साहाय्य दिलं गेलं ते बहुधा इथे पहिल्यांदा.

ऐंशीच्या दशकात आणखी एक भूमिका शिरली. आधी पाळक आणि गायनप्रमुख असे दोघंच असत. आता उपासना चालवणारा तिसरा माणूस आला: स्वागत करणारा, प्रार्थना घेणारा, वाचनं आणि गाणी एका सूत्रात ओवणारा. मार्लीन क्रॉफ यांनी मेनोनाइट मंडळ्यांमध्ये याच कामावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली, पुढे एल्खार्टच्या सेमिनरीत तेच शिकवलं. श्रमविभागणी चांगलीच. पण तिच्यामुळे शनिवारच्या रात्रीचे फोन वाढले. गाणं कोण ठरवणार, उपासना चालवणारा की सूर देणारा? या प्रश्नावरून लोक एकमेकांशी आठवडा-आठवडा बोलेनासे झाले असतील तर नवल नाही.

१९९२ चं ‘हिम्नल: अ वर्शिप बुक’ मेनोनाइटांनी चर्च ऑफ द ब्रेदरेनबरोबर काढलं. ब्रेदरेन हे १७०८ मध्ये जर्मनीत सुरू झालेले, ॲनाबॅप्टिस्टांचे चुलतभाऊ. इथे महाराष्ट्राचा एक धागा येतो. या ब्रेदरेनचं मिशन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुजरातेत वलसाडला आलं आणि तिथून डहाणू-पालघरच्या मराठी पट्ट्यात पसरलं. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात सामील झालेल्या चर्चांपैकी एक भारतातलं चर्च ऑफ द ब्रेदरेन होतं. म्हणजे १९९२ चं पुस्तक निघालं तेव्हा डहाणूची मंडळी औपचारिकरीत्या ब्रेदरेन राहिलीच नव्हती. तरीही त्या पुस्तकात एक मराठी गाणं आहे. एकोणिसाव्या शतकातले ख्रिस्ती कवी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं, अमेरिकन मराठी मिशनचे आल्डन क्लार्क यांनी इंग्रजीत आणलेलं. चालीचं नाव छापलं आहे ‘तन मन धन’. पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या शेतकऱ्यानं रविवारी सकाळी पिच पाइप फुंकून ही चाल चार सुरांत घेतली असेल तर तिचं मराठी वळण किती उरलं असेल, हा विचार करमणूक करणारा आहे. आपल्याकडची चाल एका सुरात चालते, हार्मनीचा भार तिला फार सोसत नाही.

१९९२ च्या या पुस्तकाचे संगीत-संपादक केन नाफ्त्सिगर. क्रॉफ आणि नाफ्त्सिगर या दोघांनी मिळून २००१ मध्ये ‘सिंगिंग: अ मेनोनाइट व्हॉइस’ लिहिलं. त्यांनी मेनोनाइटांनाच विचारत फिरायचं ठरवलं: तुम्ही गाता तेव्हा तुमचं काय होतं? लोकांनी भरभरून सांगितलं. प्रवचनापेक्षा गाण्यातून देव जास्त भेटतो असं कबूल करणारे पुष्कळ निघाले. असं असूनही त्या गाण्यासाठी उभ्या राहणाऱ्याच्या शिक्षणावर मंडळ्या काय खर्च करत होत्या, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या आसपास घुटमळतो. पाळकाला तीन वर्षं सेमिनरीत पाठवायचं, आणि ज्याच्यामुळे लोकांना देव भेटतो त्याला काही नाही.

नव्वदच्या दशकातल्या गिटार-ड्रम-पडदा या लाटेबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक ख्रिस्ती संप्रदायात ती आली, प्रत्येकात भांडणं झाली. मेनोनाइटांमध्ये तिचा एक परिणाम वेगळा झाला. पडद्यावर फक्त शब्द दिसतात, स्वर दिसत नाहीत. ज्यांच्या आईवडिलांना आल्टो आणि टेनर वाचता येत होतं त्या मुलांना ते येईनासं झालं. बँड गातो, लोक ऐकतात किंवा सोबत गुणगुणतात. सूर देणाऱ्याचा हात बेकार झाला. बँडवाल्यांनाही दोष देता येत नाही. त्यांना कुणी सभेला गायला लावायचं शिकवलंच नव्हतं, वाजवायचं शिकवलं होतं.

साहाय्याची नवी ठिकाणं उगवली ती याच सुमारास. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातल्या लॉरेलव्हिल इथे मेनोनाइट शिबिरस्थळ आहे. तिथे थंडीच्या दिवसांत गायन आणि उपासना घेणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारची शिबिरं भरू लागली. नवी गाणी शिका, एकमेकांना घेऊन दाखवा, आपलं दुखणं सांगा. ‘सिंग द जर्नी’ (२००५) आणि ‘सिंग द स्टोरी’ (२००७) या दोन पुरवणी पुस्तकांचं नवं साहित्य अशाच मेळाव्यांतून रुळत गेलं. शिबिर हे गायनशाळेची जागा घेऊ शकत नाही, कारण तिथे आधीच गाणं घेणारेच येतात. पंधरा वर्षांचं पोर येत नाही. पण एकट्यानं चाळीस रविवार काढलेल्या माणसाला दोन दिवस कुणीतरी सूर दिला, तर तेही थोडकं नाही.

दरम्यान मेनोनाइट जगाचा तोल ढळला होता. मेनोनाइट वर्ल्ड कॉन्फरन्सचं अधिवेशन जानेवारी १९९७ मध्ये कोलकात्यात झालं, तोवर ॲनाबॅप्टिस्टांपैकी निम्म्याहून जास्त लोक आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत राहू लागले होते. आज सर्वांत मोठं राष्ट्रीय चर्च इथियोपियातलं मेसेरेते क्रिस्तोस. भारतात छत्तीसगडमधलं धमतरी आणि चांपा, तेलंगणातलं महबूबनगर ही जुनी केंद्रं. तिथल्या मंडळ्यांत पेटी, ढोलक आणि मंजिऱ्यांवर भजनं चालतात. त्यांना सूर देणाऱ्याची अडचण कधी पडलीच नाही. पेटीवर बसलेला माणूसच सूर देतो, तोच ओळ टाकतो, आणि त्याचा मुलगा शेजारी ढोलक बडवत शिकतो. अमेरिकन मेनोनाइट ज्या शिडीची आठवण काढत बसले होते, ती धमतरीत चालू होती. याची दखल गीतपुस्तकांच्या समित्यांनी गाण्यांच्या निवडीत घेतली, शिकवण्याच्या पद्धतीत तितकी नाही.

मग ‘व्हॉइसेस टुगेदर’. ब्रॅडली कॉफमन यांच्या संपादनाखाली २०२० च्या हिवाळ्याच्या तोंडाशी निघालेलं, साडेसातशेच्या आसपास गाण्यांचं पुस्तक. आणि वेळ अशी, की गाणंच धोक्याचं ठरलं होतं. त्या मार्चमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका हौशी गायनवृंदाच्या तालमीला एकसष्ट जण आले, पन्नासहून जास्त आजारी पडले, दोघं गेले. ती बातमी सगळ्या चर्चमध्ये पोहोचली. नवं पुस्तक खोक्यांतून उघडून मंडळीला वाटायचं, तर मंडळी घरी. सूर देणारा लॅपटॉपसमोर एकटा गात होता आणि बाकी सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवलेले, कारण इंटरनेटवर चार आवाज एका ठोक्याला पोहोचत नाहीत. परत उत्तर येत नसेल तर सूर द्यायचा कुणाला? कित्येकांना त्याच वर्षी कळलं की आपण गाणं घेत होतो ते समोरच्यांच्या श्वासावर.

छपाईच्या तोंडावर आणखी एक पेच आला. एका लोकप्रिय रचनाकारावर अनेक स्त्रियांनी लैंगिक छळाचे आरोप केले, आणि त्याची गाणी पुस्तकातून काढण्यात आली. निर्णय समितीनं घेतला. पण ती गाणी ज्या मंडळ्यांच्या आवडीची होती, त्यांना हे समजावणार कोण? पुन्हा तोच, समोर उभा राहणारा. आज त्याच्याकडून काय काय अपेक्षा आहेत ते पाहिलं तर दडपण येतं. झुलू किंवा क्री भाषेतल्या गाण्याचे उच्चार त्यानं नीट करावेत. ते गाणं कुणाचं, कोणत्या दुःखातून आलं, हे दोन वाक्यांत सांगावं. देवाला ‘तो’ म्हणणारं कडवं घ्यावं की गाळावं हे ठरवावं. परवाने सांभाळावेत. पियानोवाल्याशी आणि ड्रमवाल्याशी जुळवून घ्यावं. आणि सूर तर द्यायलाच हवा.

हे ओळखून ‘व्हॉइसेस टुगेदर’बरोबर उपासना घेणाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली गेली. उपासनेच्या भागाचं संपादन सारा कॅथलीन जॉन्सन यांचं. उपासना आखायची कशी, शांतता कुठे ठेवायची, प्रभुभोजनाला काय म्हणायचं, दुसऱ्या संस्कृतीतलं गाणं मान राखून कसं घ्यायचं, हे सगळं त्यात मांडलं आहे. पुस्तकावर राबलेल्या काही जणांनी पुढे ॲनाबॅप्टिस्ट वर्शिप नेटवर्क उभं केलं, ते चर्चा आणि साहित्य पुरवतं. १९६९ च्या सूर देणाऱ्याला यातलं काहीच नव्हतं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतलं हे सर्वांत नीट केलेलं काम आहे, आणि तेवढ्यानं भागणार नाही हेही त्यातच दिसतं. वाचून श्वास घेता येत नाही. तो कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावा लागतो.

मेरी ओयर ११ जानेवारी २०२४ रोजी वारल्या, वयाच्या शंभराव्या वर्षी. सत्तरी ओलांडल्यावरही त्या तैवानमध्ये शिकवायला गेल्या होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज स्वतः सत्तरीत आहेत आणि रविवारी आपापल्या मंडळीत उभी राहतात. त्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, २९ मे २०२५ ला, झुरिकमध्ये ॲनाबॅप्टिस्ट चळवळीची पाचशे वर्षं साजरी झाली. ग्रोसम्युन्स्टरमध्ये, म्हणजे झ्विंग्लीच्याच चर्चमध्ये, जगभरच्या मेनोनाइटांनी गाणी गायली. ग्रेबेलला आणि झ्विंग्लीला दोघांनाही ते रुचलं नसतं.

आता राहतो तो व्यवहार. मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकात छपराची डागडुजी असते, बॉयलर असतो, पाळकाचा प्रवास असतो. सूर देणाऱ्याला लॉरेलव्हिलला पाठवायचं तर बहुतेकदा तो स्वतःच्या खिशातून जातो, किंवा जातच नाही. त्याहून स्वस्त उपायही आहे. महिन्यातून एका रविवारी जुन्या सूर देणाऱ्यानं एकच गाणं एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीकडे द्यावं, स्वतः पहिल्या बाकावर बसावं, आणि तिनं स्वर खाली दिला तरी मध्ये उठू नये. सोप्रानोच्या बायकांनाही आधी सांगून ठेवावं, की उपासना संपल्यावर तिच्याकडे जाऊन स्वराबद्दल काही बोलू नका.